मिशा बघून चोर ठरवला

मंगळवेढा म्हटलं की लोकांना काळं रान आणि मालदांडी ज्वारी आठवते. आमचं रान तसं नाही. सांगोल्याच्या बाजूचं, मुरमाड, माळाचं. त्यात भगव्या डाळिंबाची साडेतीनशे झाडं. मृगाचा दुसरा पाऊस झाल्यावर सकाळी बागेत गेलो, तर उत्तरेच्या बांधाकडच्या ओळीत एका झाडाची फांदी मलूल दिसली. बुंध्याशी भुसा पडलेला, आणि खोडावर हा भुंगा बसलेला. अंगठ्याएवढा जाड, मळकट पिवळा, डोक्यावर अंगापेक्षा लांब मिशा. चिमटीत धरला तर किर्र किर्र करायला लागला. चोर मुद्देमालासकट सापडला, असंच मला वाटलं.

पहिला शहाणपणा असा केला, की त्याला तिथंच टाचेखाली चिरडला.

दुसरा भुंगा चार दिवसांनी सापडला. त्याचा वरून एक फोटो काढला आणि मोबाइलमधल्या ओळखपरेड करणाऱ्या ॲपला दाखवला. ॲपनं क्षणात निकाल दिला: बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा, म्हणजे आंब्याचा खोडकिडा, कोकणात ज्याला भिरूड म्हणतात तो. नाव एवढं भारदस्त, की शंका घ्यायचं सुचलंच नाही. आंबा, अंजीर, फणस पोखरणारा किडा आता डाळिंबावर आला, अशी बातमी मीच चार बागायतदारांना दिली. दुकानातून औषध आणलं, सिरिंजनं दिसेल त्या भोकात सोडलं, वरून सगळ्या बागेवर फवारलं. जुलै महिना होता. मृग बहाराची कळी फुललेली, ऐन सेटिंगचे दिवस. दुसऱ्या दिवशी झाडांखाली मधमाश्या पडलेल्या होत्या. त्या मी मोजल्या नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही असं म्हणा.

एवढं करून ती ओळ वाळतच गेली. मग बांधावरच्या बाभळीवर राग निघाला, कारण भुंगे तिथूनही उडताना दिसले. दोन बाभळी पाडल्या. शेळ्या राखणारी एक आजी बघत होती. ती म्हणाली, "आरं बाबा, त्यो बाभळीचाच किडा हाय. कवळ्या डहाळीची साल खातो. आमी ल्हानपणापास्नं बघतोय. तुज्या डाळिंबाचं त्याला काय?" तिचं बोलणं मी उडवून लावलं. माझ्याकडे ॲप होतं ना!

शेवटी एका कीटकशास्त्रज्ञांच्या पुढ्यात गेलो. सोबत गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या डबीत ठेवलेला तिसरा भुंगा. पावसाळी हवेत डबी बंद राहिलेली, भुंग्यावर पांढरी बुरशी, एक मिशी तुटून तळाशी पडलेली. त्यांनी डबी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "भुंगा कोण ते नंतर बघू. आधी भोक दाखवा."

मी वाळल्या झाडाचा बुंधा बरोबर नेला होता. खरं तर घरी सरपणात टाकायचा होता, म्हणून गाडीत राहून गेलेला. त्यांनी तो उभा चिरला. आत टाचणीच्या डोक्याएवढ्या भोकांमागे बारीक बोगदे, त्यांच्या कडा काळवंडलेल्या, आणि बोगद्यांत तिळाहून लहान काळपट भुंगेरे. सोलापूर जिल्ह्यातल्या डाळिंबवाल्यांना हा नवा नाही, सगळे त्याला शॉट होल बोरर म्हणतात. हा लाकूड खात नाही. बोगद्यात स्वतःबरोबर आणलेली बुरशी वाढवतो आणि ती खातो. आधीच ताणाखाली असलेल्या झाडाला तो पहिला गाठतो. आमच्या त्या ओळीला ठिबकचे ड्रिपर चोंदले होते, हे मला ठाऊक होतं. दुरुस्ती "उद्या" वर होती.

बुंध्याशी पडलेला भुसा कसा होता, असं त्यांनी विचारलं. मला सांगता येईना. मी भुसा पाहिला होता, पण चिमटीत घेतला नव्हता. म्हणून आता ज्याला त्याला सांगतो, की मिशा बघायच्या आधी भुसा बोटांत चोळा. पिठासारखा बारीक आणि भोक टाचणीएवढं असेल, तर शॉट होल बोरर. जाडसर, तंतुमय, लाकडाच्या किसासारखा असेल आणि भोकात पेन्सिल जाईल, तर मोठ्या खोडकिड्याची अळी आत आहे. आणि खोडावर भुसा व विष्ठा जाळ्यात गुंफून पट्ट्यासारखी चिकटलेली असेल, तर ते भुंग्याचं कामच नाही. ती साल खाणारी अळी, पतंगाची. अळी हाताला लागली तर आणखी सोपं. पतंगाच्या अळीला पाय स्पष्ट दिसतात. लांब मिशांच्या भुंग्याची अळी पांढरट, गुबगुबीत, पाय जवळजवळ नसलेली. छातीचा भाग एकदम पसरट, चपटा आणि मागचं अंग बारीक असेल, तर ती चकचकीत रंगांच्या दुसऱ्याच भुंग्यांची, सोनकिड्यांच्या कुळातली.

एवढं झाल्यावर त्यांनी माझा बुरसटलेला भुंगा हातात घेतला. पुढचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला चांगला अर्धा तास होता, नुकसान बाजूला ठेवलं तर.

लांब मिशांच्या भुंग्यांच्या कुळात जगभर तीस हजारांवर प्रजाती आहेत, त्यामुळे "लांब मिशा" ही ओळख म्हणजे गर्दीत "टोपीवाला" म्हणून हाक मारण्यासारखी. त्यांनी भिंगातून डोळा दाखवला. डोळा गोल नव्हता, मिशीच्या मुळाला वळसा घालून घेवड्याच्या दाण्यासारखा वाकलेला होता. मग पाऊल मोजायला लावलं. मी चार पेरं मोजली. असतात पाच; खरं चौथं तिसऱ्या पेराच्या दोन पाळ्यांत लपलेलं, एवढंसं. मग तोंड. चरणाऱ्या बैलासारखं सरळ खाली वळलेलं, म्हणजे लॅमिनी उपकुळ. तोंड पुढे तिरकं असतं तर सेरॅम्बिसिनी, आणि मानेमागच्या कवचाच्या कडेला दाते असते तर बहुधा प्रायोनिनी.

बॅटोसेरासुद्धा लॅमिनीच, पण त्याच्या मानेमागच्या कवचावर दोन तांबूस-नारिंगी ठिपके असतात आणि पंखांच्या मुळाशी मधोमध एक पांढरा त्रिकोण. माझ्या भुंग्यावर दोन्ही नव्हतं. ॲपला विचारण्याऐवजी एवढ्या दोन खुणा मी स्वतः शोधल्या असत्या, तरी थांबलो असतो. त्याच्या खांद्यापाशी कवच खरखरीत, दाणेदार होतं. हा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर. कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसनं १७८१ साली दिलेल्या नावातच लॅटिनमधला खरखरीतपणा आहे. तो कोवळ्या बाभळीच्या बुंध्यात अंडी घालतो, अळी पोखरत मुळात उतरते, आणि पुढच्या पावसाळ्यात भुंगा बाहेर येतो. बाहेर आल्यावर काय करतो? कवळ्या डहाळीची साल खातो. आजी बरोबर होती.

"मग डाळिंबाला त्याचा काहीच धोका नाही?" मी विचारलं. असं सरसकट म्हणता येत नाही. शेतीच्या पुस्तकांत डाळिंबाच्या खोडकिड्यांत सीलोस्टर्ना स्पायनेटर हे नाव येतं. स्पेलिंग निराळं, पण वंश तोच. द्राक्षाची खोडं तर स्कॅब्रेटर पोखरतोच, त्यामुळे द्राक्षबागेच्या बांधावर बाभळी असतील तर त्याच्याकडे लक्ष हवं. माझ्या झाडात मात्र त्याची अळी नव्हती, भोक नव्हतं, किसही नव्हता. पावसानंतर उडालेला पाहुणा डाळिंबावर टेकला, एवढाच त्याचा गुन्हा.

एक गंमत सांगतो. घरी आल्यावर मला या कुळाचं वेडच लागलं. चार्ल्स गहान यांचं १९०६ सालचं ब्रिटिश इंडियातल्या या भुंग्यांवरचं जाडजूड पुस्तक नेटवर मिळालं. आठवडाभर आमचा भुंगा त्यात शोधला. सापडेना, म्हणून एका भलत्याच वर्णनाशी त्याला जुळवून टाकायच्या बेतात होतो. मग कळलं, की त्या खंडात लॅमिनी घेतलेलेच नाहीत. तेव्हा पुस्तक उघडलं की आधी त्यात काय नाही ते बघा.

भुंगा सापडला तर चिरडू नका. काचेच्या बाटलीत टाकून फ्रीझरमध्ये ठेवा. घरचे ओरडतात, पण दोन दिवसांचा प्रश्न असतो. मग कोरड्या डबीत, कापसावर. अळी असेल तर मिनिटभर गरम पाण्यात बुडवून अल्कोहोलमध्ये ठेवा, नाहीतर ती काळी पडते. फोटो वरून, बाजूनं आणि तोंडाचा, शेजारी रुपयाचं नाणं. चिठ्ठीवर गाव, तारीख, झाड, आणि तो झाडावर नुसता बसला होता की लाकडातून निघाला, हे नक्की लिहा. माझ्या चिठ्ठीवर हे शेवटचं असतं, तर निम्मा घोळ टळला असता. चिरलेल्या खोडाचा तुकडा हवाच. डाळिंबासाठी सोलापूरला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, द्राक्षासाठी पुण्याजवळ मांजरीला. जिल्ह्यात मोहोळचं कृषी विज्ञान केंद्र आहे. नुसत्या नावाची हौस असेल, तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यातलं केंद्र आहे. आणि फवारणी करायचीच वेळ आली, तर कोणाचं तरी लेखी नाव आणि सल्ला हातात येईपर्यंत फुलोऱ्यात पंप काढू नका.

त्या ओळीतली अकरा झाडं काढून जाळली. उरलेल्यांच्या खोडांना गेरूचा लेप लावला, ड्रिपर बदलले. बांधावरच्या उरलेल्या तीन बाभळी तशाच आहेत, आणि मृगाच्या पावसानंतर त्यांच्यावर भुंगे येतात.