जलवनस्पतींच्या काचटाकीसाठी दिवा : ऑनलाइन खरेदीपूर्वी करावयाची परीक्षा

शोभिवंत माशांचे संगोपन हा थोड्या जागेत होणारा जोडधंदा होय. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत घरामागील लहान संगोपन केंद्रांचाही समावेश करण्यात आला. मासे नेणारा ग्राहक टाकीत लावण्यास हिरवी रोपेही मागतो. म्हणून या धंद्यास जलवनस्पतींची जोड देणे हितावह ठरते. मात्र घरात ठेवलेल्या काचटाकीत रोपे वाढवावयाची तर दिव्याची आवश्यकता असते, आणि असा दिवा तालुक्याच्या बाजारात सहसा मिळत नाही. तो ऑनलाइन मागवावा लागतो. वस्तू हाताळण्यापूर्वीच पैसे द्यावयाचे असल्याने फसगतीचा संभव राहतो. यास्तव जाहिरातीतील आकडे कसे पारखावेत, याचा विचार येथे केला आहे.

डोळ्यांचा उजेड आणि रोपाचा उजेड

वनस्पती प्रकाशाच्या साहाय्याने आपले अन्न तयार करतात. या कामी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश उपयोगी पडतो. जाहिरातीत बहुधा ‘ल्युमेन’ हा आकडा दिलेला असतो. ल्युमेन हे मानवी डोळ्यास जाणवणाऱ्या उजेडाचे माप होय. आपला डोळा हिरवट-पिवळ्या प्रकाशास अधिक संवेदनशील असल्याने केवळ ल्युमेनवरून रोपाची गरज भागेल किंवा नाही, हे ठरविता येत नाही.

रोपास उपयुक्त प्रकाशाचे माप ‘पार’ या नावाने दिले जाते. ते दर चौरस मीटरवर दर सेकंदास पडणाऱ्या मायक्रोमोलमध्ये सांगतात. हा आकडा दिव्यापासून किती अंतरावर मोजला, हे पाहणे अगत्याचे आहे. दिव्यालगत मोठा दिसणारा आकडा टाकीच्या तळाशी बराच उतरतो. अंतर न सांगता दिलेला आकडा विचारात घेऊ नये. ‘६५०० केल्विन’ यासारखा आकडा प्रकाशाची छटा दर्शवितो. प्रकाशाचे प्रमाण दर्शवीत नाही.

कोणत्या रोपास किती प्रकाश

टाकीच्या तळाशी मिळणाऱ्या प्रकाशाचे स्थूल मान पुढीलप्रमाणे धरावे :

१. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरायनी : १५ ते ३० मायक्रोमोल.
२. बहुतेक खोडवर्गीय हिरवी रोपे : ३० ते ८० मायक्रोमोल.
३. तळावर गालिचासारखी पसरणारी व लाल पानांची रोपे : बहुधा ८० मायक्रोमोलहून अधिक, यांना कार्बन डायऑक्साइड वायूही पुरवावा लागतो.

नवीन संगोपकाने पहिल्या गटापासून आरंभ करावा. क्रिप्टोकोरायनीच्या काही जाती कोकणातील ओढ्यांत निसर्गतः आढळतात. त्या उपटून विकू नयेत; रोपवाटिकेतून आणलेल्या रोपांचे फुटवे वेगळे करून वाढवावेत.

प्रखर दिवा म्हणजे उत्तम दिवा, हा समज चुकीचा आहे. वायू व अन्नद्रव्ये यांचा पुरवठा न वाढविता केवळ प्रकाश वाढविला, तर रोपे त्याचा उपयोग करू शकत नाहीत आणि काचेवर व पानांवर शेवाळ माजते. म्हणजे अधिक पैसे देऊन नुकसानच विकत घेतले जाते.

वॅटचा आकडा कसा पारखावा

काही विक्रेते दिव्यातील एलईडी बिंदूंच्या कमाल शक्तीची बेरीज करून वॅटचा मोठा आकडा छापतात. त्याची परीक्षा सोपी आहे. दिव्यासोबतच्या अडॅप्टरच्या छायाचित्रात व्होल्ट व अँपिअर हे आकडे पहावेत व त्यांचा गुणाकार करावा. समजा, अडॅप्टर १२ व्होल्ट व १.५ अँपिअरचा आहे. तर तो जास्तीत जास्त १८ वॅट देऊ शकतो. अशा दिव्याची जाहिरात ‘३६ वॅट’ अशी असेल, तर ती विश्वसनीय समजू नये. छायाचित्रात आकडे दिसत नसतील, तर विक्रेत्यास लेखी विचारावे. उत्तर न आल्यास खरेदी करू नये.

विजेचा खर्चही आधीच मांडावा. २० वॅटचा दिवा रोज ८ तास चालविल्यास ३० दिवसांत ४.८ युनिट वीज लागते. अशा १० टाक्यांस ४८ युनिट. आपल्या बिलातील दराने गुणून हा खर्च रोपांच्या किमतीत धरावा.

मागणी नोंदविताना

टाकीची लांबी, उंची व काचेची जाडी मोजून दिव्याचे पाय तीवर बसतील याची खात्री करावी. ‘आयपी ६७’ सारख्या खुणेतील दुसरा अंक पाण्यापासूनचे संरक्षण दर्शवितो. तो ७ असल्यास दिवा १ मीटरपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास टिकावा, अशी अपेक्षा असते. परतीची मुदत, हमीचा काळ व विक्रेत्याचा पत्ता वाचून घ्यावा आणि पक्के बिल मागावे. खोके उघडताना मोबाइलवर चित्रण करावे.

ई-कॉमर्सविषयक ग्राहक संरक्षण नियम, २०२० अन्वये तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एक महिन्यात निवारण करणे कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ येथे कळवावे. ओटीपी कोणासही सांगू नये; पैशांची फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

दिवा बसविताना

पाणी व वीज एकत्र येत असल्याने हयगय करू नये. वायरला बोर्डाच्या खाली येईल असा झोळ द्यावा, म्हणजे ओघळणारे पाणी बोर्डात न जाता खाली ठिबकेल. जोडणीवर ३० मिलिअँपिअरचा गळती-विद्युत संरक्षक बसवून घ्यावा. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करावी. दिवा प्रथम रोज ६ तास चालवावा आणि शेवाळ न दिसल्यास दर आठवड्यास अर्धा तास वाढवीत ८ तासांपर्यंत न्यावा. यासाठी टायमर उपयुक्त ठरतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांस सूचना

बचत गट एकदम दहा दिवे मागविण्याच्या विचारात असेल, तर प्रथम एकच मागविण्याचा सल्ला द्यावा. सारख्या दोन टाक्यांत सारखीच रोपे लावून एकीवर नवा दिवा व दुसरीवर घरातील साधी एलईडी ट्यूब एक महिना समान वेळ चालवावी. नवी पाने किती आली व शेवाळ किती धरले, याची दर आठवड्यास नोंद ठेवावी. साध्या ट्यूबखालीही रोपे समाधानकारक वाढली, तर गटाचे पैसे वाचले. नव्या दिव्याचा लाभ स्पष्ट दिसला, तर उरलेले दिवे निश्चिंतपणे मागवावेत.