ओठांना मुंग्या आणणारा रस्सा

प्रश्न : नोकरीनिमित्त चेंगदूला असलेल्या मुलाकडे गेलो होतो. त्याने हॉटपॉटच्या हॉटेलात नेलं. तुफान गर्दी, आरडाओरडा आणि टेबलाच्या मधोमध रटरटणारा लालभडक रस्सा. दोन घासांतच ओठांना मुंग्या आल्या. तिखटाने असं होतं का? मग आपल्याकडचं शेजवान खाऊन कधीच कसं होत नाही?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तिखटाने जळजळ होते, मुंग्या येत नाहीत. त्या रश्श्यात मिरचीच्या जोडीला हुआजिआओ नावाची छोटी, तांबूस फळं असतात. मिरची चीनमध्ये पोचली सोळाव्या शतकाच्या अखेरीस. हुआजिआओ मात्र तिथलीच, कितीतरी जुनी. तिच्या सालीतलं सॅनशूल हे द्रव्य स्पर्शाच्या नसांना चाळवतं. 2013 मध्ये लंडनच्या संशोधकांनी काही जणांच्या ओठांना तिची पूड लावली, त्यांच्या बोटाला यंत्राने कंप दिला आणि दोन्हीकडची थरथर सारखी वाटेपर्यंत यंत्राचा वेग बदलत नेला. जुळणारा वेग निघाला सेकंदाला सुमारे 50 कंपनांचा. ओठ जागचे हलत नाहीत, पण मेंदूला ते थरथरल्याचीच वर्दी जाते.

तुम्ही रत्नागिरीचे, म्हणून मुद्दाम सांगतो : बांगड्याच्या तिखल्यात घालतात ते तिरफळ हुआजिआओचं सख्खं भावंड आहे. दोन्ही झँथोझायलम या एकाच प्रजातीची, लिंबाच्या कुळातली. दोन्हींची काळी बी टाकून द्यायची आणि साल वापरायची. तिरफळाची साल नुसती चघळून बघा, जीभ चुरचुरते. आपण चार-पाच तिरफळं ठेचून घालतो ती माशाचा उग्र वास मारायला, बधिरपणासाठी नव्हे. चेंगदूच्या सिचुआन प्रांतात हुआजिआओची फळं मूठमूठ पडतात, कारण तिथे ती थरथरच हवी असते. आपल्या बाजारातल्या शेजवान चटणीत लाल मिरची, लसूण, आलं, व्हिनेगर असतं. हुआजिआओ बहुधा नसतेच. त्यामुळे चटणीचं तिखट कितीही वाढवलं तरी ओठांना मुंग्या येणार नाहीत.

गर्दी-गोंगाटाचं म्हणाल, तर मला तोच त्या जेवणाचा प्राण वाटतो. चोंगचिंग शहरात यांगत्से नदीच्या धक्क्यावरचे नावाडी आणि हमाल स्वस्तातली वजडी तिखट रश्श्यात शिजवून खात, त्यातून हॉटपॉट आला असं सांगतात. सगळ्यांचं भांडं एक आणि शिजवायचं ज्याने त्याने, म्हणजे गप्प बसून चालतच नाही. वजडीचा पातळ तुकडा चॉपस्टिकमध्ये धरून सातदा वर, आठदा खाली करायचा, असं तिथे शिकवतात. पंधराएक सेकंदांत तो कुरकुरीत होतो. गप्पांत रमलात तर रबर.

पुन्हा जाल तेव्हा मधे आडभिंत असलेलं भांडं मागा. त्यात एका बाजूला लाल रस्सा असतो, दुसऱ्या बाजूला बिनतिखट पांढरा. शिजलेला घास लसूण घातलेल्या तिळाच्या तेलात बुडवून खा. तो जरा निवतोही. तोंड भाजलं तर पाण्याचा उपयोग नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या. लाल रस्सा प्यायचा नसतो, तिथली माणसंही पीत नाहीत. आणि ऑर्डर देताना ‘वेइ ला’, म्हणजे कमी तिखट, असं आधीच सांगा. तेही आपल्या अंदाजापेक्षा झणझणीतच निघतं.