जुनी व्हीटेक की नवी टर्बो? चालवण्याच्या मजेचा पूर्ण हिशेब

घाटात चालवायला मजा येईल अशी सेडान घ्यायची आहे असं कुणाला विचारलं की दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, शोरूममध्ये जा आणि फोक्सवॅगन वर्टस जीटी, स्कोडा स्लाव्हिया 1.5 किंवा ह्युंदाई वेर्ना टर्बो यातली एक बुक कर. दुसरा म्हणतो, वेडा आहेस का, त्या पैशात जुन्या चार येतील. होंडा सिटी व्हीटेक शोध, फियाट लिनिया टी-जेट शोध, नशीब जोरावर असेल तर स्कोडा लॉरा आरएस. दोघंही आपापल्या गाडीच्या प्रेमात असतात, त्यामुळे खर्चाचा पुरा आकडा कुणीच सांगत नाही. नवीवाला घसारा विसरतो आणि जुनीवाला पहिल्या वर्षाचं गॅरेजचं बिल.

कागदावर सामना एकतर्फी आहे. वर्टस जीटीचं दीड लिटरचं टर्बो इंजिन 150 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन मीटर टॉर्क देतं. वेर्ना टर्बो त्याहून किंचित पुढे, 160 आणि 253. दोन हजार सालाच्या आसपास आलेल्या सिटी व्हीटेकची ताकद होती 106 अश्वशक्ती. रांजणगावात बनलेली, 2010 मध्ये आलेली टी-जेट 114 ची. पण ही ताकद वापरायची कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा ताशी 100 किलोमीटर, घाटाच्या टप्प्यात 60, आणि कमानींवर कॅमेरे बसलेले. ताम्हिणी किंवा आंबोलीत जाल तर समोरून एसटी येतेच आणि वळणापलीकडे म्हैस उभी नसेल याची हमी नसते. अशा रस्त्यांवर कायद्यात राहून आणि शहाणपणाने चालवणाऱ्याला 150 घोड्यांपैकी बरेचसे तबेल्यातच ठेवावे लागतात.

खरा फरक कळतो तो चढाच्या वळणावर. व्हीटेकचं इंजिन खालच्या आवर्तनांत अगदी साधं वाटतं. मजा हवी तर गिअर खाली टाकावा लागतो आणि काटा पाच-सहा हजारांकडे न्यावा लागतो. मग आवाज बदलतो, गाडी हलकी होते आणि वेगाच्या काट्याकडे बघावं तर तो जेमतेम साठ-सत्तरवर. गाडीचं वजन हजार-अकराशे किलोच्या घरात असल्यामुळे तिचं नाक वळायला वेळ घेत नाही. त्याच वळणावर वर्टस तिसऱ्यातच ठेवा, ती सोळाशे आवर्तनांपासून ओढायला लागते आणि काही न करता वर निघून जाते. एकीला तुमच्याकडून काम हवं असतं, दुसरी तुमचं काम करून टाकते. चालवण्याची मजा म्हणजे तुमच्यासाठी यातलं काय, हे ठरवल्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

स्टिअरिंगचंही तसंच. टी-जेटचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे. पार्किंगमध्ये जड लागतं, पण घाटात रस्त्यावरची बारीक खडी, डांबराचा बदललेला पोत, पुढच्या टायरची सुटू लागलेली पकड हे सगळं तळहाताला कळतं. आजच्या गाड्यांचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक. ते हलकं आहे, अचूक आहे, रोजच्या रहदारीत त्याचे उपकारच मानावेत, फक्त रस्त्याबद्दल ते फारसं बोलत नाही. गंमत म्हणजे टी-जेटला चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि 2022 मध्ये आलेल्या वर्टस जीटीला मागे ड्रम. यावर मी बऱ्याच जणांना तावातावाने भांडताना ऐकलंय. रोजच्या वापरात त्याने फार फरक पडत नाही, पण वीस लाखांच्या गाडीत ते खटकतं, हेही खरं.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. त्या काळच्या सिटीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. वर्टस आणि स्लाव्हिया यांना ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत मोठ्यांच्या आणि मुलांच्या, दोन्ही सुरक्षेसाठी पाच तारे मिळालेत. घरात एकच गाडी असेल आणि मागच्या सीटवर मूल बसणार असेल तर माझ्या मते चर्चा इथेच संपते. नवी घ्या. पुढचा हिशेब मुख्यतः त्यांच्यासाठी, ज्यांच्या दारात कामाची गाडी आधीच उभी आहे.

नवी घेतली तर

हिशेबासाठी एक्स-शोरूम 18 लाख धरू. 22 सप्टेंबर 2025 पासून या वर्गातल्या गाडीवर 40 टक्के जीएसटी आहे. आधी 28 टक्के जीएसटी आणि 17 टक्के सेस मिळून 45 होत होते, म्हणजे थोडी सुटका झाली. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 ते 20 लाखांच्या टप्प्यात 12 टक्के रस्ता कर लागतो, तो झाला 2 लाख 16 हजार. गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय तो मोह नको. विमा, नोंदणी, फास्टॅग आणि डीलर गळ्यात मारतो ती किरकोळ ॲक्सेसरी धरून रस्त्यावर यायला 21 लाखांच्या आसपास जातात. एक टक्का टीसीएसही कापला जातो, पण तो प्राप्तिकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. लोक विसरतात.

15 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 31 हजारांच्या थोडा वर आणि एकूण व्याज साधारण 3 लाख 68 हजार. पाच वर्षांनी विमा कंपनी गाडीची किंमत एक्स-शोरूमच्या निम्मी धरते, म्हणजे 9 लाख. बाजारात थोडे जास्त-कमी मिळतील. सोपा हिशेब असा, की 12 लाख घसाऱ्यात गेले. वर्षाला 2 लाख 40 हजार, तेही गाडी दारात नुसती उभी राहिली तरी. व्याज वेगळं.

याच्या बदल्यात मिळते ती निश्चिंती. वॉरंटी असते, पार्ट मिळतो, रात्री दोन वाजता गाडी बंद पडली तर फोन उचलणारं कुणी असतं. घेताना मॅन्युअलचा आग्रह मात्र धरा. कंपन्या दीड लिटरचे मॅन्युअल व्हेरियंट कधी देतात, कधी काढून टाकतात, आणि सेल्समन स्टॉकमधली ऑटोमॅटिक पुढे करतो. वर्टस आणि स्लाव्हियातला सात गिअरचा डीएसजी ड्राय क्लचचा आहे. मोकळ्या रस्त्यावर तो लाजवाब, पण हिंजवडीच्या किंवा घोडबंदरच्या कोंडीत रोज तासभर सरपटणाऱ्याने वॉरंटी वाढवून घ्यावी. तो खर्च वाचवू नये.

जुनी घेतली तर

तीन लाखांची गाडी आवडली तर साडेचार लाख बाजूला असल्याशिवाय हात घालू नका. वरचे दीड लाख पहिल्या वर्षाचे. टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप मिळून 10 ते 20 हजार. हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून मालक ‘आत्ताच बदललाय’ म्हणाला तरी बिल दाखवत नसेल तर बदललेला नाही असंच धरा. चारही शॉकअप, माउंट, बुश, लिंक रॉड असं सस्पेन्शनचं काम 30 ते 45 हजार. इथे कंजूषी करून दोनच शॉकअप टाकले तर ज्या मजेसाठी गाडी घेतली ती मिळणारच नाही. टायर 20 ते 35 हजार. क्लच 12 ते 20 हजार. रेडिएटर, होज पाइप, इंजिन माउंट यांत दहा-पंधरा सहज जातात. हे आकडे बाहेरच्या चांगल्या गॅरेजचे आहेत, गावागणिक थोडा फरक पडेल.

पैशांइतकाच प्रश्न पार्टचा. सिटीचे चालू पार्ट अजून मिळतात. टी-जेटचं टर्बो इंजिन मात्र इथे फार थोड्या गाड्यांत आलं, आणि फियाट देशातून गाशा गुंडाळून गेली. एखादा सेन्सर किंवा टर्बोचा पाइप गेला तर पुण्याच्या नाना पेठेत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर चकरा मारायची, मागवलेल्या पार्टची दोन-तीन आठवडे वाट बघायची तयारी हवी. म्हणून गाडीच्या आधी मेकॅनिक शोधा. तुमच्या शहरात या मॉडेलवर हात बसलेला माणूस नसेल तर गाडी कितीही चकचकीत असो, सोडून द्या.

पेट्रोलचं त्रांगडं नवीन आहे. पंपांवर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि एप्रिल 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. वीस वर्षं जुने रबरी पाइप, सील आणि गॅस्केट त्याने लवकर खराब होऊ शकतात. ताबडतोब काही होणार नाही, पण फ्युएल लाइन तपासून बदलून घेणं पहिल्या सर्व्हिसमध्येच उरकावं. गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट भरलेली सोडू नका.

रोजच्या इंधनाचा फरक लोकांना वाटतो तेवढा नाही. वर्षाला 8 हजार किलोमीटर, लिटरला 105 रुपये धरले, तर 11 चं ॲव्हरेज देणाऱ्या जुनीला 76 हजार लागतात आणि 14 देणाऱ्या नवीला 60 हजार. सोळा हजारांचा फरक. घसाऱ्याच्या 2 लाख 40 हजारांपुढे तो किरकोळ आहे, आणि व्यवस्थित ठेवलेली व्हीटेक दोन वर्षांनी जवळपास घेतल्या किमतीला जाते.

मधली वाट महागात पडते

हा सापळा सगळ्यात देखणा. वर्टसच्या किमतीत किंवा त्याखाली सात-आठ वर्षं जुनी स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस मिळते, बीएमडब्ल्यू 3 सीरिज मिळते. 2017 ची ऑक्टेव्हिया आरएस 230 अश्वशक्तीची, आणि ती चालवून आलेला माणूस दोन दिवस दुसरं काही बोलत नाही. गाडी तशी आहेच. पण तिची किंमत उतरली तरी पार्टच्या किमती उतरत नाहीत. मोठ्या टायरचा एक सेट साठ-सत्तर हजारांच्या पुढे जातो. डीएसजीचं तेल 60 हजार किलोमीटरला बदलायचं असतं आणि ते बदललंय की नाही हे फक्त सर्व्हिस रेकॉर्ड सांगतं. गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट गेलं तर बिल लाखांत. गाडीच्या किमतीच्या वीस टक्के रोख वेगळी ठेवता येत नसेल तर या वाटेला जाऊ नये. कर्ज काढून तर नकोच, कारण जुन्या गाडीच्या कर्जाचा दर नवीपेक्षा काही टक्क्यांनी जास्त असतो.

कागद आणि विमा

पंधरा वर्षं झाली की गाडीचं रीपासिंग होतं आणि पुढे दर पाच वर्षांनी. 15 ते 20 वर्षांच्या कारला नूतनीकरणाचं शुल्क 5 हजार, आणि ऑगस्ट 2025 पासून वीस वर्षांवरच्या कारला 10 हजार. पर्यावरण कर आणि एजंटचे पैसे वेगळे. व्हीटेक आता सगळ्या वीसच्या पलीकडच्या आहेत आणि सुरुवातीच्या टी-जेट नुकत्या पंधरा पार करतायत. त्यामुळे ‘पासिंग करून देणार कोण’ हा प्रश्न भाव ठरण्याआधी विचारा. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का, तेही बघा.

दिल्लीची गाडी स्वस्त दिसते, कारण तिथे वयाच्या बंधनांची धास्ती आहे. पण एनओसी, इथला रस्ता कर आणि नवा नंबर यांत फायदा बराचसा विरून जातो. गाडी ट्रकवर लादून आणायची, ते वेगळंच.

विम्यात थर्ड पार्टीचा वार्षिक हप्ता 1000 ते 1500 सीसीला 3,416 रुपये आणि त्यावर 7,897. सिटी आणि टी-जेट पहिल्या गटात, लॉरा आरएस दुसऱ्यात. जुन्या गाडीला झिरो डेप सहसा मिळत नाही आणि पाच वर्षांपुढे गाडीची किंमत तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवता, तेव्हा ती हप्ता वाचवण्यासाठी मुद्दाम कमी लावू नका. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. आधीच्या गाडीवरचा तुमचा 50 टक्के बोनस नव्या पॉलिसीत आणता येतो.

रीमॅप, मोठा टर्बो, गरजणारा एक्झॉस्ट हे सगळं कलम 52 खाली येतं. गाडीच्या मूळ नोंदीत बदल करायला परवानगी लागते आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केलंय. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या नजरेतून सुटत नाही. नव्या गाडीची वॉरंटी जाते ती निराळी. कोईमतूरच्या करी ट्रॅकवर हौस भागवायला जाणार असाल तर तेही लक्षात ठेवा, साध्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात.

बघायला जाल तेव्हा गाडी थंड असायला हवी, म्हणून मालकाला आधी सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाला काहीतरी लपवायचंय. पहिल्या स्टार्टला निळा धूर आला तर तेल जळतंय, टर्बो गाडीत तर लगेच मागे फिरा. ऑइल फिलरचं झाकण उघडून बघा, दुधाळ लेप दिसला तर कूलंट तेलात मिसळत असू शकतं. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी किंवा गंज आहे का पाहा. मग वीस मिनिटं चालवा, त्यातली पाच चढावर, एसी लावून. तापमानाचा काटा मध्यावर स्थिर राहिला तर परिवहनच्या ॲपवर नंबर टाका, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलानं तपासा. टोकनची रक्कम द्यायची तर त्यानंतर, ऑनलाइन आणि पावती घेऊनच.