जपानी हॉटेलातला करी-भात कुणाचा?

प्रश्न : माझी मुलगी गुरुग्रामला नोकरी करते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं आम्हा दोघांना सायबर हबमधल्या एका साध्याशा जपानी हॉटेलात नेलं. आमची मनाची तयारी कच्च्या माशाची होती. मी मासे खाते, हे खात नाहीत. प्रत्यक्षात समोर आला वाफाळता भात आणि त्याच्या शेजारी तपकिरी, दाट करी! आजूबाजूची जपानी माणसंही तेच खात होती. ही आपली करी जपानला गेली कशी, आणि जपानी होऊन दिल्लीला परत आली कशी? आणि अशा ठिकाणी शाकाहारी माणसानं काय विचारून घ्यावं?
— एक वाचक, मयूर विहार, दिल्ली

उत्तर : तुमच्या ताटात आलेली करी जपानला इंग्रजांकडून मिळाली. ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर मायदेशी परतले तरी इथल्या कालवणांची चव त्यांच्या जिभेवर राहिली होती. ती भागवायला लंडनच्या व्यापाऱ्यांनी तयार पूड विकायला काढली. हळद, धणे, जिरे, मेथी, मिरी, सगळं एकत्र दळलेलं. मटणाला तीच, भाजीला तीच. क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनीची पूड फार खपली आणि बंदरं उघडल्यावर मेइजी काळात जपाननं पाश्चात्त्य राहणी आपलीशी करायला घेतली तेव्हा ती तिथेही पोचली. १८७२ साली जपानीत पाश्चात्त्य स्वयंपाकाची दोन पुस्तकं निघाली. दोन्हींत करीची कृती आहे. एका कृतीत तर बेडकाचं मांस आहे. थोडक्यात, जपानी माणसानं करी पहिल्यांदा खाल्ली ती साहेबाचं खाणं म्हणून. भारताचं नाव त्यात फार मागून आलं.

तिचा दाटपणाही साहेबाकडचाच. लोण्यात मैदा भाजून त्यात पूड घालायची आणि त्या मिश्रणानं रस्सा आळवायचा, ही मूळची फ्रेंच रीत. आपण अळूच्या भाजीला पीठ लावतो तसंच हे, फक्त इथे पीठ आधी तांबूस होईपर्यंत परतलेलं असतं. फोडणी नाही, वाटण नाही, खडा मसाला नाही. म्हणून आपल्या माणसाला पहिल्या घासाला ती सपक आणि गोडसर लागते. मला स्वतःला ती आवडते, पण तिच्यात कोल्हापूर शोधू नये. त्या चवीचं मोल गोडव्यात आणि गुळगुळीतपणात आहे.

ही करी घराघरांत कशी गेली, हे समजून घ्यायला जपानच्या नौदलाकडे पाहावं लागतं. १८८२-८३ मध्ये 'र्‍युजो' हे प्रशिक्षणाचं जहाज लांबच्या सफरीवर गेलं होतं. जहाजावरच्या ३७६ जणांपैकी १६९ जणांना बेरीबेरी झाला आणि २५ जण दगावले. हातपाय सुजतात, बधिर होतात, शेवटी हृदय थांबतं, असा तो आजार. लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शिकून आलेले नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना संशय आला की दोष खाण्यात आहे. खलाशी पांढराशुभ्र सडीक तांदूळ खात आणि तोंडी लावायला फारसं काही नसे. पुढच्या वेळी त्यांनी 'त्सुकुबा' जहाज त्याच मार्गानं पाठवलं, पण शिध्यात मांस आणि धान्याचा पालट करून. या वेळी बेरीबेरीनं एकही मृत्यू झाला नाही. कारण नेमकं काय, हे ताकाकींना कळलं नव्हतं. ते प्रथिनांची उणीव समजत होते. तांदूळ सडताना कोंड्याबरोबर जीवनसत्त्व ब-१ निघून जातं, हे बऱ्याच वर्षांनी उमगलं. पण त्यांचा उपाय लागू पडला होता, आणि त्यासाठी हा माणूस मला फार मोठा वाटतो.

मांस, बटाटा, गाजर, कांदा आणि पीठ एका भांड्यात शिजवून भातावर वाढता येणारी करी अशा शिध्याला सोयीची होती. १९०८ च्या नौदलाच्या पाकपुस्तकात करी-भाताची कृती छापलेली आहे. आजही जपानच्या सागरी दलात शुक्रवारी करी करण्याची प्रथा आहे. सैन्यातून घरी परतलेल्या पोरांनी ही चव गावोगाव नेली. १९२३ साली मिनेजिरो यामाझाकी यांनी जपानी बनावटीच्या पुडीचा व्यवसाय सुरू केला, तीच पुढची एस अँड बी कंपनी. १९६३ मध्ये हाउस कंपनीनं सफरचंद आणि मध घातलेली 'व्हरमाँट करी' वड्यांच्या रूपात बाजारात आणली. चॉकलेटसारखी वडी मोडायची आणि उकळत्या भाज्यांत सोडायची. त्यानंतर करी हा जपानी लहान मुलांचा आवडता घरगुती पदार्थ होऊन बसला.

इथवर उत्तर पुरं झालं असं म्हणता आलं असतं. पण तुम्ही दिल्लीच्या आहात, आणि जपानच्या करीचा दुसरा धागा थेट तुमच्या शहरात, चांदणी चौकात सुरू होतो. तो दिल्लीकर मराठी माणसाला ठाऊक असावा असं मला मनापासून वाटतं.

२३ डिसेंबर १९१२. राजधानी कोलकात्याहून दिल्लीला हलवल्याच्या निमित्तानं व्हाइसरॉय हार्डिंज हत्तीवरून शहरात प्रवेश करत होता. चांदणी चौकात त्याच्यावर बॉम्ब पडला. तो जखमी झाला, मागे छत्र धरून बसलेला सेवक ठार झाला. बॉम्ब टाकणारा बसंतकुमार बिस्वास हा कोवळा तरुण, आणि कटाचा सूत्रधार रासबिहारी बोस. रासबिहारी तेव्हा डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत कारकुनी करत होते. त्यांच्यावर लगेच संशय आला नाही. मागाहून धरपकड झाली. मास्टर अमीरचंद, अवधबिहारी आणि भाई बालमुकुंद यांना मे १९१५ मध्ये दिल्लीच्या जुन्या तुरुंगात फाशी दिलं. आज तिथे मौलाना आझाद मेडिकल कॉलेज आहे. बिस्वासला अंबाल्याला फाशी झाली. रासबिहारी मात्र हाती लागले नाहीत.

याच काळात त्यांच्या उजव्या हाताला एक मराठी तरुण होता : पुणे जिल्ह्यातल्या तळेगाव ढमढेरेचे विष्णु गणेश पिंगळे. इंजिनिअरिंग शिकायला अमेरिकेला गेले, तिथे गदर चळवळीत शिरले आणि १९१४ च्या अखेरीस कर्तारसिंग सराभांबरोबर परतले. फेब्रुवारी १९१५ मध्ये छावण्यांतल्या हिंदी पलटणींनी एकाच वेळी उठाव करायचा, असा बेत होता. फितुरी झाली आणि बेत फसला. तरीही पिंगळे मेरठच्या छावणीत शिपायांशी बोलणी करायला गेले आणि २३ मार्चला तिथे बॉम्बांसह पकडले गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंगांबरोबर त्यांना फाशी दिलं गेलं. मेरठ आज राजधानी क्षेत्रात मोडतं. तुमच्या मयूर विहारापासून ते फार लांब नाही.

पिंगळे तुरुंगात असतानाच, मे १९१५ मध्ये रासबिहारींनी कोलकात्याहून 'सानुकी मारू' हे जपानी जहाज गाठलं. नाव सांगितलं पी. एन. टागोर, रवींद्रनाथांचे नातेवाईक. जपान त्या वेळी इंग्लंडचा दोस्त होता, त्यामुळे इंग्रजांच्या दबावाखाली नोव्हेंबरात त्यांना देश सोडण्याचा हुकूम निघाला. मित्सुरु तोयामा या वजनदार राष्ट्रवादी पुढाऱ्यानं मध्ये पडून त्यांना टोकियोतल्या शिंजुकूमध्ये, नाकामुराया नावाच्या बेकरीत लपवलं. बेकरीचे मालक आइझो सोमा आणि त्यांच्या पत्नी कोक्को. दुकानामागे चित्रकारांसाठी बांधलेली एक खोली होती, तिथे रासबिहारींना महिनोन् महिने ठेवलं. पकडले गेलो तर आपलं काय होईल, याचा हिशेब या दांपत्यानं केला नाही. १९१८ मध्ये त्यांची थोरली मुलगी तोशिको हिचं रासबिहारींशी लग्न झालं. ज्या माणसाच्या मागावर हेर आहेत, ज्याला घरं बदलत राहावं लागणार आहे, अशा परदेशी माणसाशी संसार मांडायला ती तयार झाली. दोन मुलं झाली. १९२३ साली रासबिहारींना जपानचं नागरिकत्व मिळालं आणि लपणं संपलं. १९२५ मध्ये तोशिको वारली.

दोनच वर्षांनी, १९२७ मध्ये, नाकामुरायानं गिऱ्हाइकांना बसून खाता यावं म्हणून उपाहारगृह काढायचं ठरवलं. तेव्हा रासबिहारींनी सासऱ्यांना गळ घातली की इथे खऱ्या हिंदी पद्धतीची करी ठेवा. इंग्रजांच्या वाटेनं आलेली पिठाची करी म्हणजे भारताचं जेवण, हे त्यांना मान्य नव्हतं. हाडासकट कोंबडी, मसाले, आणि मैदा नाही. जपानी गिऱ्हाइकाला सुरुवातीला मसाल्याचा वास उग्र वाटला, त्यामुळे थोडं जुळवून घ्यावं लागलं, पण मूळ हट्ट त्यांनी सोडला नाही. नेहमीची करी दहा-बारा सेनला मिळायची, ही ८० सेनला होती. तरी खपली. लोक तिला 'प्रेमाची आणि क्रांतीची चव' म्हणू लागले. नाकामुराया शिंजुकूमध्ये अजून आहे आणि ती करी अजून मिळते.

रासबिहारींनी पुढे १९४३ साली सिंगापूरमध्ये इंडियन इंडिपेंडन्स लीगची धुरा नेताजींच्या हाती दिली आणि जानेवारी १९४५ मध्ये टोकियोतच त्यांचं निधन झालं. आपल्या शालेय पुस्तकांत त्यांच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. त्यांचं हे करीचं काम मला त्यांच्या राजकारणाहून वेगळं वाटत नाही. देश दुसऱ्याच्या ताब्यात असताना निदान त्याचं अन्न तरी त्याच्या खऱ्या रूपात ओळखलं जावं, हा आग्रह क्रांतिकारकालाच सुचू शकतो.

आता परतीचा प्रवास. गुरुग्रामात जपानी माणसं आली ती मोटारीमुळे. १९८२ साली मारुती आणि सुझुकीचा करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. कारखान्यात साहेब आणि कामगार एकाच गणवेशात, एकाच कँटीनमध्ये जेवतील, ही सुझुकीची अट होती. त्या काळच्या सरकारी कारखान्याला ती मोठी नवलाची होती. पुढे मानेसरला होंडाची दुचाकी आली, राजस्थानात नीमराणाला खास जपानी कंपन्यांसाठी औद्योगिक वसाहत झाली. काही वर्षांसाठी बदलीवर आलेल्या, बऱ्याचदा एकट्या राहणाऱ्या या माणसांना पंचतारांकित सुशी रोज परवडत नाही आणि रोज नकोही असते. त्यांना हवं असतं कामावरून येताना पोटभर साधं जेवण. कुराकूसारखी कोळशावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्या देणारी ठिकाणं गुरुग्रामात चालली ती या गिऱ्हाइकाच्या बळावर. भारतीय मंडळी तिथे मागाहून जाऊ लागली.

ऑगस्ट २०२० मध्ये, ऐन करोनाच्या काळात, सायबर हबमध्ये कोको इचिबान्या या जपानी करी साखळीनं भारतातलं आपलं पहिलं दुकान उघडलं. मुनेत्सुगु दांपत्यानं १९७८ साली आइची प्रांतात हिची सुरुवात केली. आधी त्यांचं कॉफीचं दुकान होतं आणि तिथे घरच्या पद्धतीची करी खपते आहे हे पाहून त्यांनी फक्त करीचं दुकान काढलं. २०१३ मध्ये गिनेसनं जगातली सर्वांत मोठी करी-रेस्टॉरंट साखळी म्हणून तिची नोंद केली. इथे भात किती, तिखट किती, वर काय, हे सगळं आपण ठरवायचं. भारतात त्यांनी गाय आणि डुक्कर दोन्ही मांसं वगळली.

तर करी कुणाची? सायबर हबमधली करी जपानी आहे, असं मी बेधडक म्हणेन. आपल्या बटाट्याला आणि मिरचीला आपण पोर्तुगीज म्हणत नाही.

खाण्याची रीत सोपी आहे. करी-भात चमच्यानं खातात, काड्यांनी नाही. सगळा भात आधी कालवून टाकायचा नाही. भात आणि करी जिथे भेटतात तिथून चमचा घालत जायचं. भात आंबेमोहोरापेक्षाही चिकट असतो, तो तसाच हवा. बाजूला लालसर, गोड लोणचं असतं, मुळा-कमळकाकडीचं, ते फुकुजिनझुके. कुरकुरीत कटलेट म्हणजे कात्सु.

आता तुमच्या यजमानांसाठी. जपानी स्वयंपाकात मांस दिसत नसलं तरी मासा असू शकतो. सुकवलेल्या बोनितो माशाचे तासलेले काप पाण्यात टाकून 'दाशी' हा अर्क काढतात आणि तो मिसो सूपमध्ये, नूडल्सच्या रश्श्यात, उकडलेल्या भाज्यांवर, तेंपुराबरोबरच्या बुडवायच्या पाण्यातही असतो. म्हणून 'व्हेज आहे का?' एवढं विचारून भागत नाही. 'यात दाशी आहे का, ती माशाची की कोंबूची?' असं विचारा. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ, ते चालतं. करीबद्दल 'मूळ रस्सा कशात शिजवला?' हे विचारावं, कारण वर नुसत्या भाज्या असल्या तरी रस्सा मांसाच्या अर्कातला असू शकतो. तळण्याचं तेल कोंबडी आणि भाज्यांना एकच आहे का, हेही विचारायला संकोच करू नका. गुरुग्रामच्या वाढप्यांना या प्रश्नांची सवय आहे. अंडं चालत नसेल तर कात्सुच्या आवरणाचंही विचारा. एदामामे, म्हणजे मीठ लावलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, काकडीची माकी, म्हणजे भाताची गुंडाळी, आणि साधा भात ही निर्धास्त मागवण्यासारखी सुरुवात.

घरी करायची झाली तर आयएनए मार्केटमध्ये आयात केलेल्या करीच्या वड्या मिळतात, पण पुष्कळ वड्यांत मांसाचा अर्क असतो, तेव्हा पाकिटावरची हिरवी खूण पाहूनच घ्या. ती नसेल तर दोन चमचे लोण्यात दोन चमचे मैदा मंद आचेवर खमंग तांबूस भाजा, गॅस बंद करून त्यात चमचाभर करी पावडर मिसळा आणि कांदा-बटाटा-गाजर शिजलेल्या पाण्यात हळूहळू सोडून ढवळा. शेवटी किसलेलं अर्धं सफरचंद घालून पाच मिनिटं उकळू द्या.