अश्वशक्तीचे माप आणि न्याय्य तुलना

मोटारीचे इंजिन सुधारून घेण्याची हौस हल्ली आपल्या तरुण मंडळींत दिसते. इंजिनाच्या संगणकातील आखणी बदलावी, हवेची वेगळी गाळणी व रुंद सायलेन्सर बसवावा, आणि शेवटी ‘वीस अश्वशक्ती वाढली’ असा छापील कागद हाती घ्यावा, असा हा क्रम असतो. त्या कागदाच्या भरवशावर मोठी रक्कम मोजली जाते. आम्ही धान्याचे व्यापारी. इंजिनाचे शास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु माप पारखणे हा आमचा जन्माचा व्यवसाय आहे, आणि येथेही प्रश्न मापाचाच आहे.

हे माप डायनॅमोमीटर नावाच्या यंत्रावर घेतात. गाडीची चाके रुळांवर फिरवितात. एका प्रकारात ठराविक जडत्वाचा रूळ किती झपाट्याने वेग घेतो यावरून शक्ती काढतात. दुसऱ्यात रुळावर ब्रेकचा भार घालून ती मोजतात. एकाच गाडीचे आकडे दोन यंत्रांवर निरनिराळे येऊ शकतात. सबब पहिला नियम असा की, सुधारणेपूर्वीचे व नंतरचे माप एकाच यंत्रावर, एकाच गियरमध्ये घ्यावे. एका काट्यावर घेणे व दुसऱ्यावर देणे यास आपण हिशेब म्हणत नाही.

दुसरी गोष्ट एककाची. पूर्वी मुंबईचा मण २८ पौंडांचा, तर बंगालचा सुमारे ८२ पौंडांचा असे. नुसता ‘मण’ म्हणून भागत नसे. तद्वत् हॉर्सपॉवर म्हणजे ७४५.७ वॅट, तर पीएस म्हणजे ७३५.५ वॅट. १०० पीएस म्हणजे ९८.६ हॉर्सपॉवरच होत.

तिसरी गोष्ट बारदान्याची. इंजिनाच्या दांड्यावरील शक्ती आणि चाकापर्यंत पोहोचलेली शक्ती यांत गियर व टायर यांचा खर्च असतो. कारखान्याचा आकडा दांड्यावरील, तर रुळांवरचा चाकाचा. त्यांची परस्पर तुलना व्यर्थ होय. ढोबळ व निव्वळ यांतील अंतर किती असते याचा दाखला अमेरिकेत मिळतो. कॉर्व्हेट गाडीच्या एलटी-१ इंजिनाची शक्ती १९७१ साली ढोबळ मापाने ३३० सांगितली जाई. १९७२ साली निव्वळ माप रूढ होताच ती २५५ झाली. इंजिन जवळजवळ तेच होते. मुख्यतः बदलले ते माप!

चौथी गोष्ट हवेची. ओलाव्याची टक्केवारी न पाहता आपण धान्याचा भाव करीत नाही. बेळगाव समुद्रसपाटीहून सुमारे ७५० मीटर उंच आहे. तेथे हवेचा दाब पणजीपेक्षा आठ-नऊ टक्क्यांनी कमी असतो व साध्या इंजिनाची शक्तीही त्याच सुमाराने घटते. हा फरक भरून काढण्यासाठी आकड्यास गुणक लावतात. परंतु गुणकही अनेक आहेत. एसएई संस्थेचा प्रचलित गुणक २५ अंश सेल्सियस व ९९ किलोपास्कल दाब धरतो; जुना ‘एसटीडी’ गुणक थंड व दाट हवा धरीत असल्यामुळे सुमारे चार टक्के अधिक आकडा देतो. म्हणजे १५० चे १५६ केवळ कागदावर होतात. टर्बो इंजिन उंचीचा तोटा बराचसा स्वतःच भरून काढते; त्यास पूर्ण गुणक लावल्यास आकडा फुगतो.

याशिवाय टायरमधील हवा, गाडी बांधण्याच्या पट्ट्यांचा ताण, इंजिनाची उष्णता, पंख्याचा वारा व इंधन ही दोन्ही वेळी सारखी असावीत. प्रत्येक वेळी किमान तीन फेऱ्या घ्याव्यात. त्या फेऱ्यांतच आपसात तीन अश्वशक्तींचा फरक पडत असेल, तर दोन अश्वशक्तींची ‘वाढ’ ही वाढ नव्हे. केवळ शिखराचा आकडा न पाहता संपूर्ण आलेख पाहावा; कारण रस्त्यावर गाडी बहुतेक वेळ मधल्या फेऱ्यांवरच चालते.

तात्पर्य, पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी मागाव्यात: सुधारणेपूर्वीचा कागद, गुणक न लावलेला आकडा, आणि लावलेल्या गुणकाचे नाव. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये गाडीतील फेरफारांवर निर्बंध आहेत, तेही आधी तपासावेत. प्रामाणिक कारागीर ही मागणी आनंदाने पुरी करील; जो टाळाटाळ करील, त्याच्याशी सौदा करण्यापूर्वी आपण दोनदा विचार करावा.