टेबलाखालचा खर्ज

वाशिमच्या पाटणी चौकात काय किंवा अकोल्याच्या मोठ्या दुकानात काय, कॉम्प्युटरचे स्पीकर विकताना आधी सबवूफर वाजवून दाखवतात. गिऱ्हाइकाच्या छातीत धक्का बसला की अर्धा सौदा झालाच. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. टेबलावरच्या छोट्या २.१ संचात सबवूफर शेवटी पाहावा; आधी पाहावेत ते त्याच्यासोबत येणारे दोन लहान स्पीकर, आणि त्याहूनही आधी या तिघांमधला सांधा. हे म्हणणं तपासायला शंका काढणारं कोणीतरी समोर हवं, म्हणून ते मामा-भाचीच्या बोलण्यातून मांडतो. दोघंही कल्पित आहेत. भाची वाशिममध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. तिची खोली १० बाय १२ फुटांची, वर स्लॅब, खाली टाइल्स, कोपऱ्यात लोखंडी कपाट. मामा आयुष्यभर फिजिक्स शिकवत आले.

भाची : मामा, दुकानदार म्हणतो हाच घ्या, सब मोठा आहे, १००० वॅटचा. आणि तुम्ही म्हणता सब शेवटी पाहा. काहून? सबसाठीच तर जास्तीचे पैसे मोजायचे ना?

मामा : आधी ते १००० वॅट निकालात काढू. खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुतेकदा पीएमपीओ असतो, आणि तो कसा मोजायचा याचा सगळ्यांनी मान्य केलेला नियमच नाही. ज्याला जो बरा वाटला तो त्यानं छापला. पाहायचा तो आरएमएस, म्हणजे संच सतत देऊ शकतो ती ताकद. लॉजिटेकचा झेड ३१३ घे. बऱ्याच घरांत दिसणारा संच, एकूण २५ वॅट आरएमएस. त्यातले १५ सबला आणि ५-५ दोन्ही बाजूंना. खोक्यावर आरएमएस सापडला नाही तर ॲडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाच. १२ व्होल्ट, २ ॲम्पियर लिहिलं असेल तर आत २४ वॅट जातात. जे आत गेलंच नाही ते सतत बाहेर कुठून येणार? जुन्या यूएसबी पोर्टवर चालणाऱ्या संचाला तर ५ व्होल्ट आणि अर्धा ॲम्पियर, म्हणजे अडीचच वॅट मिळतात. आणि तुला लागतात तरी किती? साधारण स्पीकर १ वॅटमध्ये १ मीटरवर ८५ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. तू बसतेस ७० सेंटिमीटरवर, तिथे तो ८८ होईल. इतक्या आवाजात तासभर एडिटिंग केलंस तर डोकं धरून बसशील.

भाची : पण खर्जाला जास्त ताकद लागते, हे तर तुम्हीच शिकवलं.

मामा : लागते, पण नुसते वॅट पुरत नाहीत, हवा ढकलावी लागते. तेवढाच आवाज एक सप्तक खाली हवा असेल तर पडद्याला चौपट हवा हलवावी लागते. १०० हर्ट्झवरून ५० वर आलीस की चौपट, २५ वर गेलीस की सोळापट. आता वरातीतला डीजे पाहा. त्याच्या बेसच्या पेट्यांत १८ इंची पडदे असतात. तुझ्या टेबलाखाली ४ इंची. क्षेत्रफळात तो तुझ्या वीसपट. अमेरिकेतल्या केएलएच या स्पीकर कंपनीच्या संस्थापकांपैकी हॉफमन यांच्या नावानं एक नियम सांगतात : लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी विजेत जास्त आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. म्हणून छोटा सब ५०-६० हर्ट्झपर्यंत धडपणे उतरला तरी पुष्कळ झालं. खोक्यावर ‘२० हर्ट्झ ते २० हजार हर्ट्झ’ छापलेलं असेल तर तो आवाज किती डेसिबलच्या फरकात, हेही शोध. ते लिहिलं नसेल तर त्या ओळीला काही अर्थ नाही.

भाची : म्हणजे पोहरादेवीच्या यात्रेत जसं वाजतं तसं घरी कधीच वाजणार नाही?

मामा : तसं वाजायची गरजही नाही. मैदानात आवाज निघाला की चहूकडे पसरून जातो, परत येत नाही, म्हणून तिथे मोठ्या पेट्या रचाव्या लागतात. खोलीत तो भिंतीवर आपटून परत येतो. तुझ्या खोलीचं गणित करू. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर या लांबीवर ४७ हर्ट्झला लाट अडकून फुगते. १० फूट रुंदीवर ५६ हर्ट्झला. आणि छतही १० फुटांवर असेल तर पुन्हा ५६ लाच. एकाच सुरावर दोन दिशांनी फुगवटा. मे महिन्यात खोली ४० अंशांवर गेली की वेग वाढतो आणि हे आकडे एक-दोन हर्ट्झनं वर सरकतात, एवढाच काय तो दिलासा! म्हणून तुझ्या खोलीत काही सूर उगाच दणकतील आणि शेजारचेच सूर गायब होतील. कपाटाचं दार थरथरायला लागलं की लोक म्हणतात, सब भारी आहे. त्यात सबची कर्तबगारी किती आणि खोलीची किती, हे कोणी पाहत नाही. पोहरादेवीला ज्या नंगाऱ्याच्या, म्हणजे बंजारा समाजाच्या ढोलाच्या, नावानं संग्रहालय उभं राहिलं, २०२४ च्या ऑक्टोबरात त्याचं उद्घाटनही झालं, तो नंगारा ऐकताना प्रत्येक ठोका सुरू होतो आणि संपतो. खराब जमलेल्या २.१ संचात तोच ठोका संपतच नाही, पुढच्या ठोक्यात मिसळून नुसती गुरगुर उरते.

भाची : ठीक आहे, सब मोठा नको. पण मग बाकीच्या दोन डब्यांत काय पाहायचं? ते तर सगळ्याच संचांत सारखेच दिसतात.

मामा : इथेच खरी गोम आहे. स्वस्त संचातले ते दोन स्पीकर २-अडीच इंची असतात. एवढासा पडदा साधारण २०० हर्ट्झच्या खाली काही कामाचा नसतो. मग २०० च्या खालचं सगळं सबकडे सोपवावं लागतं. या वाटणीच्या जागेला क्रॉसओव्हर म्हणतात. आता पुरुषाच्या आवाजाचा मूळ सूर पाहा, साधारण ८५ ते १८० हर्ट्झ. म्हणजे निवेदक बोलताना त्याच्या आवाजाचा खालचा भाग टेबलाखालच्या डब्यातून आणि वरचा टेबलावरून! कानाला ८० हर्ट्झच्या खाली आवाज कोणत्या दिशेनं आला हे फारसं कळत नाही. म्हणूनच टीएचएक्सच्या सिनेमा-संचांत ही वाटणी ८० वर करतात. त्याच्या वर जसजशी जाशील तसतशी दिशा कळायला लागते. सब उजव्या पायाशी ठेवला की मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी उजवीकडे खाली बसून म्हणताहेत असं वाटायला लागतं. म्हणून म्हणतो, बाजूचे स्पीकर किमान ३ इंची पाहा. ते खाली जितके उतरतील तितकं सबचं काम कमी, आणि सबचं काम जितकं कमी तितका सांधा बेमालूम.

भाची : मामा, एक शंका. फोनवर बोलताना तर हा खालचा भाग नसतोच ना? तरी तुमचा आवाज मी लगेच ओळखते.

मामा : शंका बरोबर आहे, आणि माझ्या म्हणण्याला ती खरंच थोडी तासते. जुन्या टेलिफोनमधून ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढंच जायचं, तरी आवाज ओळखू यायचा. कारण मूळ सूर गाळला तरी त्याच्या पटीतले वरचे सूर ऐकून मेंदू तो सूर मनातच पुरा करतो. त्यामुळे लहान स्पीकरवर शब्द कळणार नाहीत असं मी म्हणतच नाही. तक्रार वेगळी आहे. नसलेला खर्ज मेंदू भरून काढतो. पण चुकीच्या जागेहून आलेला, उशिरापर्यंत घुमणारा खर्ज तो पुसून टाकू शकत नाही. वाईट सब असण्यापेक्षा तो नसलेला परवडतो. याची परीक्षा दुकानातच होते. फोनवर एखाद्या पुरुष वृत्तनिवेदकाची बातमी लाव आणि सबचं बटण शून्यावर आण. आवाज जरासा हलका झाला तर ठीक. एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला तर समज, तो निवेदक इतका वेळ सबमधूनच बोलत होता. तो संच ठेवून दे. मग फोनवर टोन जनरेटरचं ॲप उघड आणि २०० पासून ४० हर्ट्झपर्यंत हळूहळू खाली ये. मध्येच आवाज खड्ड्यात पडला की सांधा निसटला. एका जागी दणका बसला की डबा किंवा खोली घुमते आहे. दुकानदार कुरकुर करेल. करू दे.

भाची : पण माझे व्हिडिओ लोक मोबाईलवरच पाहतात. मोबाईलला कुठे आलाय खर्ज? मग हा सगळा खटाटोप कशाला?

मामा : मोबाईलवर पाहणाऱ्याला खर्ज ऐकू येत नाही, पण तोच व्हिडिओ नवरदेवाच्या घरी मोठ्या टीव्हीला साउंडबार लावून पाहतात, तेव्हा येतो. मंडपातल्या कूलरची घरघर, वाऱ्यानं माइकवर मारलेल्या थपडा, हे सगळं खालच्या पट्टीत असतं. तुझ्या स्पीकरनं ते दाखवलंच नाही तर तू ते काढणार कशी? याची दुसरी बाजू जास्त धोक्याची आहे. सब चढवून ठेवलास तर गाण्यात खर्ज भरपूर आहे असं वाटेल, तू तो कमी करशील, आणि बाकी सगळीकडे ते गाणं पोकळ वाजेल. रात्री हळू आवाजात काम करताना हे हमखास होतं. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं आहे, आवाज कमी केला की कानाला खर्ज इतर सुरांपेक्षा जास्त कमी ऐकू येतो. म्हणून माणूस रात्री सब वाढवतो आणि सकाळी ते बटण तसंच राहतं. एकदा बसवलं की त्या बटणावर पेननं खूण कर आणि हात लावू नकोस.

भाची : इतकं सगळं असेल तर सबच नको. चार-चार इंचांचे दोन मोठे स्पीकर घेतले तर?

मामा : टेबलावर जागा असेल तर मी तुला तेच सांगेन. चांगले ४ इंची दोन स्पीकर ६०-७० हर्ट्झपर्यंत उतरतात, आणि तुझी खोली खालचा थोडा भाग आपणहून फुगवते. सांध्याचा प्रश्नच मिटतो. पण तुझ्या टेबलावर मॉनिटर, कीबोर्ड, दोन हार्डडिस्क, आल्बमचे नमुने. मोठे स्पीकर मग मॉनिटरच्या मागे किंवा भिंतीच्या कोपऱ्यात कोंबले जातात, आणि तिथे त्यांचं सगळं चांगुलपण वाया जातं. अशा टेबलासाठी २.१ योग्य आहे, मी त्याच्या विरोधात नाही. लहान स्पीकर मॉनिटरच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या रेषेत किंवा जरा वर तोंड करून. सब टेबलाखाली, दोघांच्या शक्य तितका मध्ये, पण खोलीच्या बरोबर मध्यावर नाही आणि कोपऱ्यात तर मुळीच नाही. कोपऱ्यात खोलीचे सगळे फुगवटे एकदम जागे होतात. त्याच्या भोकाचं तोंड भिंतीला चिकटू देऊ नकोस. आणि घेण्याआधी वायर मोज. छोट्या संचात ॲम्प्लिफायर सबच्याच डब्यात असतो आणि बाजूच्या स्पीकरच्या वायरी कधीकधी कायमच्या जोडलेल्या असतात. त्या आखूड असल्या तर सब कुठे ठेवायचा हे तू ठरवत नाहीस, वायर ठरवते.

भाची : आणि शेजारच्या काकू? भिंत एकच आहे.

मामा : कायद्यानं राहत्या वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांत. पण ती मोजतात ‘ए’ पट्टीवर, आणि त्या पट्टीत ६३ हर्ट्झचा आवाज २६ डेसिबल कमी धरला जातो. म्हणजे मीटर गप्प राहील आणि काकूंच्या मांडणीवरची ताटं वाजत राहतील. भिंत वरचे सूर अडवते, खर्ज तिला जुमानत नाही. सबखाली रबराचा जाड तुकडा ठेवलास तर फरशीतून जाणारी थरथर जरा कमी होईल, हवेतून जाणारा आवाज नाही. रात्री दहानंतर हेडफोनच लाव.

भाची : दुकानात ब्लूटूथवर ऐकवलं होतं. घरी तसंच जोडू ना? वायरचा पसारा नको.

मामा : गाणी ऐकायला जोड, एडिटिंगला नको. ब्लूटूथमध्ये आवाज सेकंदाचा पाचवा हिस्सा मागे पडू शकतो. तुझा व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे पाच फ्रेमचा फरक. अक्षता पडताना दिसतील आणि वाजंत्री नंतर सुरू होईल. कामाला ऑक्सची वायरच. आणि ती जोडल्यावर सबमधून ‘हूं’ असा एकसुरी आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. तो आवाज थांबला तर घोटाळा स्पीकरचा नाही, अर्थिंगचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि तुझ्या खोलीचे फुगवटे ४७ आणि ५६ वर, त्यामुळे ती हूंहूं तुझ्याकडे जरा जास्तच ऐकू येईल. स्पीकर बदलायला दुकानात पळण्याआधी वायरमनला बोलाव.