सागरसहलीचे बदलते रूप



पावसाळा सरून थंडीचे दिवस जवळ आले, की मुरगाव बंदरात पांढरीशुभ्र, बहुमजली सहलजहाजे येऊ लागतात. त्यांतून आजी-आजोबा, आई-वडील आणि लहान मुले अशी कुटुंबेच्या कुटुंबे उतरतात. मंदिरे, जुन्या गोव्याची चर्चे, मसाल्याच्या बागा पाहतात आणि पुन्हा जहाजावर परततात. हे दृश्य पाहताना आम्हांस नेहमी दोन प्रश्न पडतात. सुट्टी घालविण्यासाठी मुलाबाळांसह जहाजावर राहावयाचे, ही रीत केव्हा व कशी पडली? आणि त्या जहाजावर जे शेकडो लोक राबत असतात, त्यांच्या घरची मंडळी तो काळ कसा घालवितात? दुसरा प्रश्न गोमंतकात तरी कोणास परका वाटू नये. प्रस्तुत लेखात या दोन्ही प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

प्रथम प्रवास आणि सहल यांतील भेद ध्यानात घेऊ. आपल्या आजोबा-पणजोबांनीही सहकुटुंब समुद्रप्रवास केला. पण तो सहलीसाठी नव्हे. मे महिन्यात मुंबईचा चाकरमानी बायकामुलांना घेऊन आगबोटीने गावी निघे. वळकटी, पेटी आणि फराळाचा डबा घेऊन डेकवर जागा धरावयाची, मुले लागली तर लिंबू चोखावयास द्यावयाचे, आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण किंवा वेंगुर्ले आले की खाली झुलणाऱ्या पडावात जपून उतरावयाचे, असा तो क्रम असे. पावसाळ्यात समुद्र खवळला की ही वाहतूक बंद राही. मौज त्या प्रवासातही होती. परंतु गाव गाठणे हाच त्याचा हेतू होता. पुढे रस्ते सुधारले, आगबोटी थांबल्या, आणि १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. ‘क्रूझ’ हा शब्द मात्र निराळा आहे. तो डच भाषेतील एका शब्दावरून आला असून समुद्रावर इकडून तिकडे फिरत राहणे, असा त्याचा मूळ अर्थ आहे. ज्या ठिकाणाहून निघालो तेथेच परत यावयाचे, मधला काळ हाच आनंदाचा, ही सागरसहलीची खूण होय.

अशा सहलींचा एक महत्त्वाचा आरंभ जर्मनीत झाला. हॅम्बुर्ग-अमेरिका या कंपनीचे आल्बर्ट बालिन यांच्यापुढे एक व्यावहारिक अडचण होती. हिवाळ्यात वादळी अटलांटिक ओलांडण्यास प्रवासी नाखूष असत आणि मोठमोठी जहाजे निम्मी रिकामी राहत. म्हणून १८९१ च्या जानेवारीत त्यांनी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे जहाज २४१ प्रवाशांसह भूमध्य समुद्राच्या सफरीवर धाडले. सहल यशस्वी झाली. परंतु ती करणारे लोक सधन होते, आणि सामान्य कुटुंबाच्या आवाक्यातील ती गोष्ट नव्हती.

त्यानंतरची सुमारे साठ वर्षे ही मोठ्या प्रवासी जहाजांची होत. त्यांच्यावर समाजातील उच्चनीचता मजल्यामजल्यांनी मांडलेली असे. पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना दिवाणखाने, ग्रंथालय व प्रशस्त डेक. तर खालच्या वर्गाला अरुंद खोल्या व सामाईक जागा. मुले जहाजावर असत; तथापि जहाज त्यांच्यासाठी नसे. वरच्या वर्गात खेळण्याची एखादी खोली आणि सांभाळणारी दाई असे, मुलांची पंगत मोठ्यांच्या आधी उरकण्यात येई, आणि मोठ्यांच्या आनंदात त्यांचा व्यत्यय येऊ नये याची काळजी घेतली जाई. एकाच जहाजावरून जाणारी दोन मुले, एक वरच्या वर्गातले व एक खालच्या, कित्येकदा एकमेकांचे तोंडही पाहत नसत.

हे सारे बदलले ते विमानामुळे. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये अटलांटिकवरून जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली. जहाजास जेथे चार-पाच दिवस लागत, तेथे विमान सात-आठ तासांत पोहोचू लागले. घाई असणाऱ्या प्रवाशाने जहाजाकडे पाठ फिरविली आणि थोड्याच वर्षांत अनेक नामांकित जहाजे भंगारात निघाली. ज्याला कोठेतरी पोहोचावयाचे आहे तो प्रवासी गेला. आता ज्याला कोठेच पोहोचावयाचे नाही असा प्रवासी शोधणे भाग होते.

तो प्रवासी अमेरिकेतील मायामी बंदरात सापडला. १९६६ च्या डिसेंबरात ‘सनवर्ड’ हे लहानसे जहाज तेथून बहामा बेटांच्या सहली करू लागले. नॉर्वेचे क्नूट क्लोस्टर आणि टेड ॲरिसन या दोघांनी हा उद्योग आरंभिला. १९७० साली ‘साँग ऑफ नॉर्वे’ हे केवळ उष्ण समुद्रातील सहलींसाठी बांधलेले जहाज आले. त्याला प्रवाशांची इतकी गर्दी होऊ लागली, की १९७८ साली ते मधोमध कापून त्यात सुमारे ८५ फूट लांबीचा नवा भाग जोडण्यात आला! मौज अशी, की ज्या विमानाने जहाजांचे प्रवासी हिरावून घेतले, तेच आता दूरदूरच्या शहरांतील कुटुंबांना मायामीस आणून सोडू लागले. वर्गभेदाच्या भिंतीही बहुतांशी नाहीशा झाल्या. खोली महाग असो वा स्वस्त, भोजनगृह आणि पोहण्याचा तलाव सर्वांना एकच, अशी व्यवस्था रूढ झाली. १९७७ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘द लव्ह बोट’ ही मालिका सुरू झाली आणि सहलजहाज म्हणजे केवळ वृद्ध धनिकांची जागा, ही समजूत मागे पडली. मध्यम स्थितीतील गृहस्थही सहकुटुंब सहलीचा विचार करू लागले.

मुलांना खरा मान मिळाला तो पुढच्या दोन दशकांत. वयाप्रमाणे मुलांचे गट करून त्यांना दिवसभर खेळ, चित्रकला, नाट्य यांत गुंतविणारी मंडळे जहाजांवर निघाली. १९९८ साली डिस्ने कंपनीचे ‘डिस्ने मॅजिक’ निघाले. त्याच्या एका मजल्याचा मोठा भाग मुलांच्याच हवाली होता. दुसऱ्याच वर्षी आलेल्या ‘व्हॉयेजर ऑफ द सीज’वर बर्फावर घसरण्याचे मैदान आणि चढावयाची कृत्रिम कड्याची भिंतही होती. पूर्वी मुले आईवडिलांबरोबर जात. आता पुष्कळदा आईवडील मुलांसाठी जातात, असे म्हटले तरी चालेल.

जहाजांच्या आकाराची वाढही समजून घेण्यासारखी आहे. प्रवासी जहाजाचा आकार ज्या टनांत सांगतात ते टन वजनाचे नसून आतल्या बंदिस्त जागेचे माप असते. १९१२ साली बुडालेले ‘टायटॅनिक’ सुमारे ४६,००० टनांचे होते. १९८८ चे ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ सुमारे ७३,००० टनांचे, २००९ चे ‘ओॲसिस ऑफ द सीज’ सव्वादोन लाख टनांचे, तर २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सहलीस निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ सुमारे २,४८,००० टनांचे, म्हणजे टायटॅनिकच्या पाचपटींहून अधिक आहे! त्यावर सात तलाव, पाण्याच्या सहा घसरगुंड्या आणि लहान मुले असलेल्या कुटुंबांसाठी एक वेगळा विभाग आहे. त्यात सात हजारांहून अधिक प्रवासी मावतात. आपल्याकडील एखादे मोठे गावच पाण्यावर तरंगते म्हणा ना!

या वाढीत कुटुंबाचा लाभ आहे, हे मान्य केले पाहिजे. आजोबांना चालवत नाही, नातवाला बसवत नाही आणि आईला रांधण्यातून सुटका हवी असते. या तिघांची सोय एका छताखाली होते. सामान एकदाच सोडावयाचे आणि गावे मात्र चार पाहावयाची, हेही थोडे सुख नव्हे. पण काही हरवलेही आहे. जहाज जसजसे मोठे झाले, तसतसा समुद्र लहान झाला. ज्या सहलीत मूल तीन दिवस घसरगुंडीवर काढते आणि एकदाही क्षितिजाकडे पाहत नाही, तिला सागराची म्हणावे काय? पुष्कळ कंपन्यांनी तर बहामामध्ये स्वतःची बेटेच राखली आहेत; त्यांतील ‘ग्रेट स्टिरप के’ हे बेट १९७७ साली एका कंपनीने घेतले. परक्या मुलखातील खरे गाव, खरा बाजार, खरी माणसे यांची भेट अशा बेटावर कशी व्हावी?

आकाराबरोबर जबाबदारीही वाढते. १९४७ च्या जुलैत मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ते दुःख कोकण अद्याप विसरलेले नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे आधुनिक जहाज खडकावर आदळले आणि ३२ जणांचा अंत झाला. त्या दिवशी चढलेल्या कित्येक प्रवाशांची संकटकालीन कवायतच अद्याप झालेली नव्हती. पुढे, २०१५ पासून, ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावी, असा आंतरराष्ट्रीय नियम लागू झाला. व्हेनिस नगराने तर प्रचंड जहाजांमुळे जुन्या वास्तूंना व खाडीला होणारा उपद्रव सोसला. शेवटी १ ऑगस्ट २०२१ पासून नगराच्या मध्यवर्ती जलमार्गात मोठ्या जहाजांना मनाई करण्यात आली.

भारतातही ही लाट आली आहे. २०२१ च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप वगैरे ठिकाणी सहली नेऊ लागले. हे जहाज मुळात १९९० साली मायामीच्या छोट्या सहलींसाठी बांधलेले होते. ज्या किनाऱ्याने आपले आजोबा डेकवर वळकटी पसरून आले, त्याच किनाऱ्याने त्यांची नातवंडे वातानुकूलित खोलीतून जातात.

आता दुसरा प्रश्न. एवढे मोठे जहाज आपोआप चालत नाही. एकट्या ‘आयकॉन’वर दोन हजारांहून अधिक कर्मचारी आहेत. गोमंतकातील तारवटी, म्हणजे जहाजावर चाकरी करणारे लोक, गेल्या दीडशे वर्षांत विलायती कंपन्यांच्या जहाजांवर स्वयंपाकी, वाढपी, वादक म्हणून गेले. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या नावाने ज्या ‘कुडी’ उभ्या राहिल्या, त्यांत ते पुढचे जहाज मिळेपर्यंत राहत. आज त्यांचे नातू-पणतू सहलजहाजांवर आहेत. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा असतो आणि त्या मुदतीत घरी येणे क्वचितच घडते. पुष्कळ जहाजे बहामा किंवा पनामा यांसारख्या देशांचा ध्वज लावतात, त्यामुळे कर व कामगारविषयक कायदेही त्या देशांचे लागू होतात. सागरी कामगारांचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली अमलात आला आणि २०१५ साली भारताने तो स्वीकारला. त्या करारानुसारही दिवसाला चौदा आणि आठवड्याला बहात्तर तासांपर्यंत काम घेता येते. करार नसताना काय होत असेल, याची कल्पना करावी.

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे जहाज अडकले. त्यावरील सातशेहून अधिक लोकांना संसर्ग झाला. जहाजावर शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी होते. प्रवासी विलगीकरणात खोल्यांत बसून होते, पण त्यांना जेवण नेऊन देणारे हात कर्मचाऱ्यांचेच होते. पुढे सहली बंद पडल्या, प्रवासी घरोघर गेले, आणि जगभरातील कर्मचारी मात्र कित्येक महिने समुद्रातच राहिले. त्यांत गोमंतकीयही पुष्कळ होते.

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील अशाच जहाजावर वाढपी आहेत. सलग दोन चवथी ते घरी नव्हते. ‘बाबा काय करतात?’ असे वर्गात विचारले असता तो म्हणाला, ‘दुसऱ्यांच्या मुलांचे वाढदिवस साजरे करतात.’ जहाजावर कोणाचा वाढदिवस असला की वाढप्यांनी टाळ्या वाजवून गाणे म्हणावयाचे, अशी तेथील पद्धत आहे. स्वतःच्या मुलाचा वाढदिवस ते दूरध्वनीच्या पडद्यावर पाहतात. पूर्वी पत्र यावयास आठवडे लागत, आता चेहरा दिसतो. सुधारणा ही खरीच. तथापि चेहरा दिसणे आणि जवळ असणे यांतील अंतर कोणत्याही यंत्राने कमी केलेले नाही.

म्हणून आम्हांस असे वाटते, की सहलीस जाऊ नये असे नव्हे, अवश्य जावे. मात्र जाताना तीन गोष्टी कराव्यात. दिवसातून एकदा तरी डेकवर उभे राहून समुद्र पाहावा. जेथे उतराल तेथील माणसांशी बोलावे. आणि जो आपल्याला पाणी आणून देतो त्याचे नाव व गाव विचारावे. कदाचित तो आपल्याच शेजारच्या वाड्यावरचा निघेल. जाणे न जमले तरी या सुट्टीत आजी-आजोबांना त्यांच्या आगबोटीच्या प्रवासाविषयी विचारा, आणि घरात किंवा शेजारी कोणी तारवटी असेल तर त्यांच्याकडून बंदरांची नावे ऐकून नकाशावर खुणा करा. भूगोलाचा तो पाठ कोणत्याही पुस्तकात सापडावयाचा नाही.